चारच्या भोंग्याआधी

सर्व्हिस मोटार रोज आमच्या दारावरून जायची, पण स्टँड सोडून कधी थांबायची नाही. त्या दिवशी थांबली. ड्रायव्हर उतरला आणि ओट्यापर्यंत न येता अंगणातच उभा राहिला, तेव्हाच मला कळलं. शंकरभाऊजी, माझे धाकटे दीर, नगरच्या इस्पितळात पहाटे गेले होते. विषमज्वर. माझे यजमान आणि भाऊजींची बायको इंदू त्यांच्यापाशी होती. मुलं सांभाळायला मी मागे राहिले होते. खरं सांगते, माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की म्हणजे विहीर नाही... असं का आलं, तेच लिहायला बसले आहे.

भाऊजी श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्यात उसाच्या वजनकाट्यावर कारकून होते. आम्ही कारखान्याजवळच एकत्र राहत होतो. माणूस हसरा. मी घर शिस्तीत चालवते म्हणून मला ‘हेडमास्तरीण’ म्हणायचा. त्यांच्या लग्नानंतर दुसऱ्या वर्षी, गळीत सुरू झालं त्याच आठवड्यात, दुपारी काट्यावरून डोकं धरून घरी आले. उजवा डोळा लालभडक, पापणी ओघळलेली, त्याच बाजूच्या नाकपुडीतून पाणी. आडवं पडवेना, बसवेना. तासभर अंगणात येरझाऱ्या घातल्या आणि भिंतीवर डोकं आपटलं. मग एकाएकी सगळं थांबलं आणि त्यांनी जेवायला मागितलं. दुसऱ्या दिवशी तेच. असं दीड-दोन महिने चाललं, मग दहा महिने काही नाही, आणि पुढच्या हंगामाला पुन्हा.

कोणी अर्धशिशी म्हणालं, म्हणून सूर्योदयाआधी दूध-जिलबी झाली. “वहिनी, दुखणं गेलं तरी जिलबी बंद करू नका,” हे त्यावर त्यांचं म्हणणं. वैद्याने नाकात तेल सोडलं. एकाने वरच्या तीन दाढा उपटल्या, त्या चांगल्या होत्या हे नंतर कळलं. नगरच्या एका डॉक्टरने चष्मा दिला, दुसऱ्याने ‘मनाचं आहे’ म्हणून परत पाठवलं. कानशिलावर डागही दिला गेला. तो मी घरी नसताना दिला, नाहीतर देऊ दिला नसता. शेवटी सगळ्यांचं एकमत झालं, की दोष कारखान्याच्या भोंग्याचा. चारचा भोंगा झाला की यांचं डोकं उठतं. मग त्यांना बिनपगारी रजेवर मिरजगावला आत्याबाईंकडे धाडलं. आठ दिवसांनी आत्याबाई स्वतःच त्यांना घेऊन परत आल्या.

“गुरं पान्यावर निघाली की याचं सुरू हुतंय. लई वंगाळ दुखनं हाय. आन् भोंगा म्हनं! आमच्याकडं कुटला आलाय भोंगा?”

त्याच संध्याकाळी विहिरीवर इंदू मला म्हणाली, “आक्का, हे म्हणतात, पुढच्या साली पुन्हा आलं तर मी विहीर जवळ करीन.” मी घागर भरून घेतली. दुसऱ्या दिवशी सुताराला बोलावून विहिरीवर फळ्यांचं झाकण करून घेतलं आणि कुलूप लावलं. शेजारी विचारायचे, तर सांगायची, मुलं पडतील. किल्ली माझ्या कमरेला. त्या दिवसापासून दुपारी तीन वाजले की माझं कामात लक्ष लागेना. भाऊजी दिसेनासे झाले की हातातलं टाकून आधी विहिरीकडे बघून यायचं, हा नेमच झाला.

पुढच्या हंगामाला पुन्हा आलं. यजमान त्यांना घेऊन नगरला निघाले, तेव्हा मीही मोटारीत चढून बसले. आतापर्यंत आमचं काय चुकत होतं, ते मला वाटेत उमगलं. दोघं भाऊ दर वेळी सकाळच्या मोटारीने जायचे आणि परतीची मोटार चुकू नये म्हणून दोनला निघायचे. डॉक्टरकडे जायचं म्हणून भाऊजी दाढी करून, धुतलेला सदरा घालून, हसत बसायचे. डॉक्टरांना दिसायचा तो धडधाकट माणूस. मग ‘मनाचं आहे’ म्हणणारच.

या खेपेला गेलो ते सय्यद डॉक्टरांकडे. लष्करात नोकरी करून आलेले, अबोल गृहस्थ. त्यांनी तपासलं आणि काही सापडत नाही म्हणाले. मी म्हटलं, “चारपर्यंत आम्ही व्हरांड्यात बसतो.”

यजमान चिडले. “अगं, मोटार जाईल.”

“जाऊ दे.”

साडेतीन झाले, पावणेचार झाले. दुखणं यावं म्हणून मी देवाला हात जोडत होते, आणि त्याचीच मला भीती वाटत होती... चारला भाऊजी डोकं धरून उठले. बाकीचे रोगी अंगात आलं म्हणून पायऱ्या उतरून पळाले. डॉक्टर बाहेर आले, हातात घड्याळ धरलं, आणि तासभर त्यांच्या मागे-मागे चालत राहिले. डोळा पाहिला, पापणी पाहिली. दुखणं थांबल्यावर एवढंच विचारलं, “रोज याच वेळी?”

“रोज.”

“हे मनाचं नाही. कायमचं जाणार नाही, दर वर्षी येईल. पण वेळेवर येतं ना? मग आपण त्याच्या तासभर आधी पोचू.”

भाऊजी त्या पायरीवर बसून रडले. दुखण्याने ते कधी रडले नव्हते.

तीनला इंजेक्शन. ते किती दिवस, मध्ये कधी थांबायचं, सगळं त्यांनी नीट बजावलं. आमच्याकडे रोज टोचायला येणार कोण? मी शिकले. अडीचला छोट्या पातेलीत सुई उकळायला ठेवायची. पहिल्या दिवशी मी सुई उचलली. भाऊजी म्हणाले, “हेडमास्तरीणबाई, छडी सोडून सुई धरलीत?” चारला भोंगा झाला. भाऊजी, इंदू आणि मी एकमेकांकडे बघत बसलो. सव्वाचार... साडेचार... डोळ्याला थोडं पाणी आलं, तेवढंच. रोज असं झालं नाही. काही दिवस दुखणं उठलंच, ते त्यांनी सोसलं. पण विहिरीचं नाव पुन्हा काढलं नाही. पुढची तीन वर्षं अशी गेली. “वहिनी, या पातेलीत एकदा चहा टाका. सुई बघून कंटाळा आला,” असं दर हंगामाला म्हणायचे. मी म्हणायची, ती औषधाची आहे, तिला कोणी हात लावायचा नाही.

कुलूप मात्र मी या तीन वर्षांत काढलं नव्हतं. इतकं जपलं, आणि मरण आलं ते तापातून. डोकं शेवटपर्यंत दुखलं नाही, असं इंदू सांगते.

परवा गळीत सुरू झालं. विहिरीचं कुलूप मी काढून टाकलं. सुई सय्यद डॉक्टरांकडे परत पाठवली, कोणाच्या तरी उपयोगी पडेल. पण अडीच वाजले की पातेली चुलीवर चढतेच, हाताला सवय आहे. पहिल्या दिवशी पाणी उकळून आटत आलं, तरी मी बघत उभी होते. काल त्यात पत्ती टाकली, साखर टाकली. इंदूने पातेली ओळखली. तिने दोन कप आणून ठेवले. भोंगा होईपर्यंत आम्ही दोघी ओट्यावर बसलो होतो.