दादाला मागे बोलावलं ते वर्ष

आमच्या घरात दादाला कुणी काही सांगत नसे. वडील गेले तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता आणि मी सात. तेव्हापासून घर त्यानंच ओढलं. तो पाटावर बसल्याशिवाय माझं ताट वाढलं जात नसे, आणि तो बोलत असताना मी मध्ये तोंड घालत नसे. यात धाक नव्हता. दादानं उभ्या आयुष्यात माझ्यावर हात उगारला नाही. पण वळण म्हणजे वळण, ते धाकापेक्षा चिवट असतं.

अशा घरातल्या धाकट्याला बऱ्हाणपूरच्या फुटबॉल संघाचा कप्तान करणं हा शुद्ध गाढवपणा होता. तो संघाच्या वडीलधाऱ्यांनी केला. कारण एवढंच की मी नगरपालिकेच्या शाळेत मास्तर होतो आणि खंडव्याच्या लीगवाल्यांना इंग्रजीत पत्र लिहू शकत होतो. दादा त्याच संघात पंधरा वर्षं खेळत होता. तो नुसता म्हणाला, आता हाच बघेल. झालं, मी कप्तान.

ही दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या दोन-तीन वर्षं आधीची गोष्ट. त्या काळी संघ सगळीकडे एकाच पद्धतीनं उभा राहायचा. गोलकीपरच्या पुढे दोन बॅक, त्यांच्या पुढे तीन हाफ आणि सगळ्यात पुढे पाच फॉरवर्ड. तीन हाफांतला मधला तो सेंटर हाफ. हल्ल्यात तो, बचावात तो, सगळं मैदान त्याचं. आमचा सेंटर हाफ म्हणजे दादा. अनवाणी पायाला पट्ट्या बांधून तो बॉल घेऊन मधून निघाला की लोक उभे राहायचे. तो तहसील कचेरीत कारकून होता. तुकईथड, डोईफोडियाकडचे शेतकरी जमिनीच्या उताऱ्यासाठी आले की आधी मॅचचं विचारायचे आणि मग कामाचं बोलायचे.

पण आता दादा छत्तीसचा झाला होता आणि त्याचा उजवा गुडघा सुजत असे. तो पुढे जायचा पूर्वीसारखाच, पण परत यायला त्याला वेळ लागायचा. तेवढ्यात समोरचा संघ मधल्या मोकळ्या जागेतून बॉल काढून आमच्या दोन बॅकना ओलांडून जायचा. ऑफसाइडचा नियम दहा-बारा वर्षांपूर्वी सैल होऊन फॉरवर्डना पुढे उभं राहणं सोपं झालं होतं, त्यामुळे दोन बॅकांच्या भरवशावर राहायचे दिवस संपले होते. हे सगळ्यांना कळलं, आम्हाला सोडून.

तीन सामने उरले तेव्हा आम्ही लीगमध्ये तळाला होतो. जो तळाला राहील तो पुढच्या वर्षी खालच्या वर्गात जाणार होता. खाली जाण्याची लाज होतीच, पण मला काळजी होती ती दुसऱ्याच गोष्टीची. हा दादाचा शेवटचा मोसम होता. तो तसं बोलला नव्हता, पण मला दिसत होतं. संघ खाली गेला असता तर लोक पंधरा वर्षं विसरले असते आणि याच्या वेळी संघ बुडाला एवढंच लक्षात ठेवलं असतं. कचेरीत येणाऱ्या प्रत्येक माणसाच्या तोंडून त्याला ते ऐकावं लागलं असतं.

उपाय मला ठाऊक होता, हेच तर दुखणं. उन्हाळ्यात एका लग्नासाठी भुसावळला गेलो होतो, तिथे लष्करातल्या गोऱ्यांची एक मॅच पाहिली. त्यांचा सेंटर हाफ पुढे जातच नव्हता. तो मागे येऊन दोन बॅकांच्या मधोमध उभा राहिला होता आणि समोरच्या सेंटर फॉरवर्डला चिकटून होता. याला ते थर्ड बॅक म्हणत. त्या जागेसाठी माणूस उंच हवा, डोक्यानं बॉल मारणारा हवा आणि खेळ आधी ओळखणारा हवा. फार पळायची गरज नव्हती. ती जागा जणू दादाचं माप घेऊनच शिवली होती. पण ज्यानं मला बॉलला पाय लावायला शिकवलं, त्याला मी कुठल्या तोंडानं सांगणार की तू आता मागे राखण करत उभा राहा? अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर म्हणतात, तशी गत झाली.

मग मी जे केलं ते फक्त माझ्यासारखा वळणाचा माणूसच करू जाणे. दादाला हात न लावता मी त्याच्या भोवतीचा संघ बदलला. आमचा लेफ्ट हाफ एक तरुण विणकर होता. दिवसभर मागावर पावड्या दाबून त्याच्या पायांना दम लागणं माहीत नव्हतं. त्याला बाजूला घेऊन मी सांगितलं की बॉल समोरच्यांकडे गेला की तू गुपचूप दोन बॅकांच्या मध्ये येऊन उभा राहा, आणि दादाला कळू देऊ नकोस. त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"बडे भाई को ही बोल देते ना, मास्टर."

मी म्हटलं, सांगितलं तेवढं कर. शाळेतली सवय.

तो बिचारा सांगितलं तेवढं करत राहिला. तो मध्ये आला की आमची डावी बाजू उघडी पडायची. पहिल्या सामन्यात त्या बाजूनं तीन गोल झाले. दुसऱ्यात दोन. मध्ये तर अजून घोटाळा, कारण दादा परत यायचा तेव्हा त्याला आपल्या वाटेत हा उभा दिसायचा आणि दोघं एकाच बॉलवर जायचे.

दुसरा सामना हरून पॅसेंजरनं परत येत होतो तेव्हा डब्यात आमच्या गावचे वीस-पंचवीस लोक होते. सगळे त्या लेफ्ट हाफवर तुटून पडले. तुझी जागा कुठली, तू भटकतो कुठे, मागावर बसून झोपा काढतोस का. आमचा गोलकीपर चांदनी स्टेशनवर पॉइंट्समन होता, रुळांचे सांधे बदलायचा. तोसुद्धा चांदनीला उतरताना म्हणाला की याच्या बाजूला कुत्रं बांधलं असतं तरी बरं झालं असतं. चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती आणि चोर खिडकीशी बसून असीरगडाकडे बघत होता. त्या पोरानं एकदाही माझ्याकडे बोट दाखवलं नाही. मान खाली घालून पायाची पट्टी सोडत राहिला. दादा उठला, त्याच्याजवळ जाऊन बसला आणि आपला डबा उघडून त्याच्यापुढे धरला. मला वाटलं, दादाचा स्वभावच मायाळू. मला काही कळलं नव्हतं.

आता एकच सामना राहिला, तोही रेल्वेवाल्यांशी. ते लीगमध्ये सगळ्यांत वर होते. पोलिसांचा संघ आमच्याइतकेच गुण घेऊन तळाला होता आणि त्यांचे सामने संपले होते. आम्ही बरोबरी केली तरी वर राहत होतो. हरलो तर, गोल जास्त खाल्ल्यामुळे, आम्हीच खाली.

रविवारी दुपारी वहिनी चुलीवर मीठ भाजून फडक्यात बांधत होती. दादाच्या गुडघ्याला शेक द्यायचा होता. मी उगीच दारात घुटमळत होतो. वहिनीचा फुटबॉलशी संबंध एवढाच की चिखलाचे कपडे तिला धुवावे लागत. पण तिला माणसं कळायची. वर न बघता ती म्हणाली,

"गुडघा त्यांचा दुखते अन् लाज तुम्हाले येऊन राह्यली. असं कसं, भावजी?"

मी तिच्या हातातली पुरचुंडी घेतली आणि मागच्या अंगणात गेलो. दादा पाय लांब करून बसला होता. गुडघा पपईएवढा सुजला होता. शेक देता देता मी खाली बघूनच बोललो, कारण वर बघून मला ते जमलं नसतं. म्हटलं, दादा, या मॅचला तू मागे खेळ, दोन बॅकांच्या मध्ये. त्यांच्या सेंटर फॉरवर्डला सोडायचं नाही आणि मधल्या रेषेच्या पुढे यायचं नाही.

त्यानं पुरचुंडी दुखऱ्या जागेवर सरकवून घेतली. मग म्हणाला,

"पहिल्याच मॅचात दिसलं मले. तो पोरगा माझी जागा झाकून राह्यला होता."

"मग तू बोलला का नाहीस?"

"कप्तान तू आहे. मी बोललो असतो तर कप्तान मी झालो असतो. वाट पाहून राह्यलो होतो, तू कधी सांगतो म्हणून."

मला रडू आलं, ते लपवायला मी पुरचुंडी फुंकत बसलो. दोन सामने आम्ही दोघं भाऊ एकमेकांचा मान राखत बसलो होतो आणि त्याचे फटके तिसराच खात होता. दादानं एकच अट घातली. त्या पोराला शिव्या कशामुळे बसल्या हे सगळ्यांपुढे सांग, म्हणाला, अन् मी असताना सांग.

कापसाच्या जिनिंगचं काम पावसाळ्यात बंद असे, म्हणून आमचा सराव जिनच्या आवारात चालायचा. दुसऱ्या दिवशी तिथे सगळ्यांना बसवून मी सांगितलं. चाळीस पोरांच्या वर्गापुढे रोज घसा फोडणारा मी, दहा माणसांपुढे माझे शब्द अडखळले. डावी बाजू उघडी मी ठेवायला लावली, दादाला सांगायची हिंमत झाली नाही म्हणून, एवढं बोलायला मला केवढा वेळ लागला. गोलकीपर उठला आणि लेफ्ट हाफच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. लेफ्ट हाफ म्हणाला, "अब अपनी जगह पे खेलूँ ना, मास्टर?" सगळे हसले. मीही हसलो, पण माझे कान तापले होते.

खंडव्याला त्या दिवशी बारीक पाऊस होता आणि मैदानाच्या काळ्या मातीचा गारा झाला होता. रेल्वेवाले बुटात, आम्ही अनवाणी. चिखलात ते त्यांच्याच फायद्याचं. सुरुवातीला दादाचे पाय ऐकत नव्हते. बॉल पुढे गेला की तोही चार पावलं पुढे निघायचा, मग आठवण होऊन थांबायचा आणि मागे जायचा. बघायला आलेल्या आमच्या गावच्या लोकांना काही उमगेना. ते ओरडायचे, पुढे जा, तिथे काय उभा राहिला. दोन-तीनदा त्यानं त्यांच्याकडे पाहिलं. मग आपल्या जागेवर गेला.

त्यांचा सेंटर फॉरवर्ड चांगला दांडगा गडी होता. मोसमभर त्यानं गोलांचा रतीब घातला होता. त्या दिवशी तो जिथे जाईल तिथे दादा होता. उंच आलेला प्रत्येक बॉल दादाच्या कपाळावर लागून परत जात होता. डावी बाजू लेफ्ट हाफनं अशी धरली की त्यांच्या माणसाला तिथे पाऊल टाकायची सोय उरली नाही. मी पुढच्या फळीत राइट-इन, म्हणजे सेंटर फॉरवर्डच्या उजव्या हाताला, खेळत होतो, पण मोसमात पहिल्यांदाच सारखं मागे वळून बघावं लागत नव्हतं. अर्धा वेळ झाला तेव्हा गोल नव्हता. नंतरही झाला नाही.

शेवटची काही मिनिटं राहिली असतील. त्यांच्या सेंटर फॉरवर्डच्या पायातून दादानं बॉल काढून घेतला आणि मान वर केली. समोर सगळं मैदान मोकळं होतं. एका गोलासाठी ते लोक सगळेच आमच्या बाजूला चढून आले होते. दादा बॉल घेऊन निघाला. दुखऱ्या गुडघ्यावर, पण तीच चाल, छाती पुढे आणि बॉल पायाला बांधल्यासारखा. आमचे लोक छत्र्या टाकून उभे राहिले. पंधरा वर्षं ज्यासाठी ते येत होते ते त्यांना दिसत होतं, आणि ते पुन्हा कधी दिसणार नव्हतं.

चुन्याच्या मधल्या रेषेपाशी तो थांबला. रेषा चिखलात जवळजवळ पुसली होती, तरी त्याला ती बरोबर सापडली. बॉलवर पाय ठेवून त्यानं मला शोधलं आणि माझ्याकडे पाहिलं.

मला कळायला क्षणभर लागला. दादा विचारत होता. जाऊ का, म्हणून मला विचारत होता. दिवाळीचं कापड कुठलं घ्यायचं, माझं लग्न कुठे करायचं, मी काय शिकायचं, यांतलं त्यानं मला कधी काही विचारलं नव्हतं.

मी मान हलवली. नाही.

त्यानं बॉल लेफ्ट हाफकडे दिला, वळला आणि लंगडत आपल्या दोन बॅकांच्या मध्ये जाऊन उभा राहिला. थोड्या वेळानं शिट्टी झाली आणि आम्ही वर राहिलो. लोकांनी लेफ्ट हाफला खांद्यावर घेतलं, गोलकीपरला घेतलं, मलाही घेतलं. त्या उंचीवरून मला दादा दिसत होता. चिखलात बसून तो पायाची पट्टी सोडत होता.

त्यानंतर तो कधी खेळला नाही. नाही म्हटलं ते कप्तान म्हणून बरोबरच होतं, अजूनही मी तसंच म्हणेन. पण भाऊ म्हणून आज त्या रेषेपाशी मला कुणी परत उभं केलं, तर मी त्याला जा म्हणेन.