पूर्ण वाढीचं कासव

कासव पाळायचं हे मुलीनं बारावीची परीक्षा संपताच जाहीर केलं. कुठल्या जातीचं, ते ठरवणं माझ्याकडे आलं आणि मला त्याचं इतकं वेड लागलं की बायको म्हणाली, "अहो, ताटात भाकरी आहे. मोबाइल ठेवून तिच्याकडं बघा की."

वैराग गावचा मेहुणा तर चांदण्यांच्या पाठीचं देशी कासव फुकट आणायला निघाला होता.

"ते पाळणं गुन्हा आहे," मी म्हणालो.

"लई शुभ असतंय, दाजी."

"जेलात शुभ असून काय करू?"

मग कागदपत्रांसह मिळणाऱ्या तीन परदेशी जाती राहिल्या. लाल पायांच्या कासवाला दमट हवा लागते. सोलापुरात मे महिन्यात टॉवेल झटकेपर्यंत वाळतो, म्हणून ते बाद. दुसरं हरमन, वीतभर. तिसरं आफ्रिकेतलं सल्काटा: अडीच फूट लांब, वजन पन्नास किलोपर्यंत, आयुष्य सत्तर वर्षं तरी. उन्हाला दाद देत नाही, वाळकं गवत खातं. मला वाटलं, हे आपल्या गावासाठीच घडवलंय.

मी चिंचोळी एमआयडीसीत युनिफॉर्मच्या कारखान्यात कटिंग बघतो. कापडाला कात्री लावण्याआधी आम्ही जाड कागदाचा पॅटर्न कापतो. तसेच दोन्ही कासवांचे पूर्ण वाढीचे पॅटर्न कापले आणि वर विटा ठेवून अंगणात मांडले. आठवडाभर आम्ही त्यांना वळसा घालून वावरलो. स्कूटर भिंतीला लावली की सल्काटा अंगणात आरामात बसत होतं. मी खूश.

रविवारी मुलगी ओसरीवरच्या ज्वारीच्या पोत्यापाशी गेली. मोहोळहून आलेलं, पन्नास किलोचं. तिनं दोन्ही हातांनी हिसका दिला. पोतं हललं नाही.

"बाबा, सल्काटाला तर पायही असणार. डॉक्टरकडं न्यायचं म्हटलं आणि ते नको म्हणालं तर?"

"मी आहे की उचलायला."

"एक्कावन्न अधिक सत्तर किती?"

माझं वय एक्कावन्न, आणि हिशोब मीच शिकवलेला. माझ्यानंतर ते कासव तिचं होणार, हे मी एकदाही मांडलं नव्हतं.

बायको लसूण सोलता सोलता म्हणाली, "आता जावई बघताना विचारावं लागेल, अंगण केवढं आणि कंबर कशी."

मुलगी हसली, मग मीही. सल्काटाच्या पॅटर्नची घडी घातली. हरमनही माझ्यानंतर तिच्याकडंच जाणार, पण ते मांडीवर घेऊन बसनंसुद्धा नेता येतं. त्याला आमचं ऊन झेपणार नाही, पण सावली करणं माझ्या हातात आहे.

लगेच विक्रेत्याला फोन लावला. तो म्हणाला, "नर देऊ की मादी? मादी थोडी मोठी होते."

मी फोन मुलीच्या हातात दिला. ती एकामागून एक प्रश्न विचारायला लागली तेव्हा मी टेप घेऊन अंगणात दुपारी सावली कुठवर येते ते मोजत होतो.