हिरोच्या आधी उडालेलं पोतं

"ताई, यातलं माझं नाव काढून टाका," मन्मथअप्पा म्हणाले आणि त्यांनी रिमोट टीव्हीशेजारी ठेवून दिला.

माझा चहा हातातच राहिला. पुण्याहून रेल्वेने सेलू, तिथून जीपने वालूर, एवढा प्रवास मी अप्पांच्या एका सहीसाठी केला होता. पडद्यावर दिसणाऱ्या प्रत्येकाची रिलीज फॉर्मवर सही लागते. ती नसेल तर तो माणूस कापायचा. आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला मास्टर फॅक्टरीत द्यायचा होता. मास्टर म्हणजे ती मूळ प्रत, जिच्यावरून दुकानात जाणाऱ्या सगळ्या डिस्क निघतात. तो गेला की मग त्यात काहीही बदलता येत नाही.

माझं काम थोडक्यात सांगते. सिनेमाची डिस्क घरी आणली की मेनूमध्ये खाली कुठेतरी 'बोनस फीचर्स' असं लिहिलेलं असतं. शूटिंग कसं झालं, कोणते सीन कापले, कलाकार काय म्हणाले, असलं सगळं. बरेच लोक तिकडे फिरकत नाहीत. मी मात्र कित्येक वर्षं तेवढंच एडिट करत आले. आमचं घर परभणीचं. माझ्या आईला वाटतं, मी सिनेमाच्या उरलेल्या चिंध्यांची गोधडी शिवते. ते फारसं चूक नाही.

हा सिनेमा मराठी सुपरहिरोचा होता. बजेट बेताचं, हिरो नवा. तो सेलू तालुक्यातल्या कापसाच्या रानावरून उडतो. निदान उडणार होता. तीन दिवस त्याला वायरवर टांगून खेचणं चाललं होतं आणि तीन दिवस तो हिसके खात होता. मान मागे, पाय पुढे, तोंडावर भीती. जग वाचवायला निघालेल्या माणसाचं असं तोंड चालत नाही.

शेवटी कोणीतरी शेजारच्या शेतातून अप्पांना बोलावून आणलं. अप्पांची यारी आहे. विहीर खोदताना काठावर जी क्रेन उभी करतात, ती यारी. ती खालचे दगड वर आणते आणि माणसांची ने-आणही करते. तीस वर्षं अप्पांचा एक हात तिच्या दांड्यावर आणि एक पाय ब्रेकवर आहे. फाइट मास्टरने हिरोचा पट्टा आणि जादा दोर तपासला, यारी अप्पांनी चालवली आणि हिरो उडाला. ते फुटेज पहिल्यांदा बघताना मी खुर्चीत सरळ झाले. हिरोची टाच जमिनीवरून नेमकी कधी सुटली, ते एकेक फ्रेम थांबवूनही मला सांगता येईना. इतकी माया मी यंत्रातून आलेली कधी पाहिली नव्हती.

सिनेमात दोर कॉम्प्युटरने पुसला. नामावलीत अप्पा 'स्थानिक सहकार्य' या दोन शब्दांत गडप झाले. त्यांचं नाव आणि काम दिसणार होतं ते फक्त माझ्या सात मिनिटांच्या मेकिंगमध्ये. आणि तेच ते काढायला सांगत होते.

"अप्पा, यात तर तुमचं कौतुकच आहे."

"कौतुक हाय. पर पोतं कुटं हाय?"

मला लगेच आठवलं. हिरोच्या आधी अप्पांनी एक पोतं उडवलं होतं. हिरोचं वजन केलं, तेवढीच सरकी पोत्यात भरली आणि ते पोतं वर-खाली, वर-खाली केलं. मग स्वतः पट्टा बांधून लटकले. तेव्हा यारी त्यांचा धाकटा भाऊ शिवाप्पा चालवत होता. त्यानंतर हिरो. हे सगळं चाळीस मिनिटांचं फुटेज होतं आणि मी ते पूर्ण उडवलं होतं. हिरो हिसके खातो, अप्पा येतात, हिरो उडतो. कसं चटपटीत.

"ते जरा कंटाळवाणं होतं हो."

अप्पा रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

"ताई, आमच्या कामाचा कायदा हाय. पयलं पोतं, मंग मी, मंग गडी. तीस साल झाले, माझ्या यारीवरून एक माणूस पडला न्हाई. तुमच्या शिनेमात मी आलो की सरळ माणूस लटकवायलोय. माझे गडी काय म्हनतील? अन् दुसरा एखादा यारीवाला हे बघून तसंच करंल. त्याचा माणूस पडला तर? त्याच्यात माझं नाव नगं."

मी अंगणात येऊन बॉसला फोन लावला.

"सही झाली?"

"नाही. पोतं दाखवा म्हणतायत."

"कसलं पोतं?"

"सरकीचं."

"हे बघ, पोतं कोण बघणार? तो भाग काढ, हिरोच्या डान्स प्रॅक्टिसचं फुटेज टाक. मास्टर थांबणार नाही."

मी आत आले तेव्हा माझा चेहरा अप्पांनी वाचला असावा. "चला," ते म्हणाले. "हीर दावतो."

विहीर घरापासून दहा मिनिटांवर. चाळीस फूट खोल, काम अजून चालू. खाली बघून मी दोन पावलं मागे सरकले. अप्पांनी विचारलं, "उतरता का?" परभणीची आहे म्हटल्यावर नाही म्हणणं बरं दिसेना.

त्यांनी मला कापसाच्या काट्यावर उभं केलं. आकडा सांगत नाही. शिवाप्पाने मात्र तो मोठ्याने वाचला. तेवढं वजन पोत्यात भरलं, पोतं यारीला लागलं आणि विहिरीत उतरू लागलं.

त्या पोत्यावरून माझी नजर हलली नाही. ते कडेला घासतंय का, गाठ सरकतेय का, फिरतंय का, मी श्वास रोखून बघत होते. पोतं तेच, सरकी तीच. पण आता त्यात माझं वजन होतं. मग अप्पा स्वतः उतरून वर आले. मग मी. अप्पांनी दांडा धरला, "वर बघा" म्हणाले, आणि मी वर बघितलं तेव्हा काठ माझ्या डोक्यावर गेलेला होता. पाय कधी सुटले, मला कळलंच नाही. खाली पोचल्यावर मला उगाचच रडू आलं. भीतीने नव्हे. इतक्या जपून मला कोणी कुठे पोचवल्याचं आठवत नव्हतं.

वर आले आणि पहिलं वाक्य बोलले, "अप्पा, मला दोन तास द्या."

लॅपटॉप आणि सगळं फुटेज बरोबर होतं. चूक कळली होती. मी पोतं बघितलं होतं, पोत्याकडे बघणारा हिरो बघितलाच नव्हता. शोधलं तर होता. कोपऱ्यात उभा, अंगावर सुपरहिरोचा झगमगीत पोशाख, कपाळावर घाम, नजर पोत्यावर. पोतं वर जातं तशी त्याची मान वर जाते. मी पोतं आणि तो चेहरा एकाआड एक लावले. मग अप्पा लटकलेले, धोतर वाऱ्यावर, डोळे गाठीवर. मग हिरो. दीड मिनिट लागलं.

ते दीड मिनिट कुठूनतरी आणायला हवं होतं. निर्मात्यांची मुलाखत दोन मिनिटांची होती. तिच्यात ते आपल्या दूरदृष्टीबद्दल बोलले होते. मी ती अर्ध्या मिनिटावर आणली.

छोटी फाइल बॉसला पाठवली. दहा मिनिटांनी फोन आला.

"निर्मात्यांना कापलंस?"

"हो."

"मला विचारलं होतंस?"

"नाही."

"पोत्याला हात लावू नकोस," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

अप्पांनी नवा कट बघितला. परत लावायला सांगितला. ओठ हलवत काहीतरी मोजत होते. माझी गाडी चुकायची वेळ झाली होती.

"पोतं अकरा डाव गेलतं," ते म्हणाले. "तुमी तीनच दावले."

मी लॅपटॉप पुन्हा पुढ्यात ओढला.

"चालतंय. पयलं गेलं, हे दिसलं. बास." त्यांनी चष्मा पुसला आणि सही केली.

मास्टर वेळेवर गेला. त्या निर्मात्यांनी मला पुन्हा काम दिलं नाही. मी एक सवय मात्र लावून घेतली. कंटाळवाणा शॉट कापण्याआधी त्याच्याकडे कोण बघतंय, ते शोधते.

मध्यंतरी शिवाप्पाचा फोन आला होता. वालूरला नवा गडी कामावर आला की अप्पा त्याला आधी घरी नेतात, चहा देतात आणि ती डिस्क लावतात. सिनेमा नाही, थेट बोनस फीचर्स. पोतं दाखवतात, स्वतःला दाखवतात.

"अन् हिरो?" मी विचारलं.

"न्हाई," शिवाप्पा म्हणाला. "तितं आले की बंद करतेत. म्हनतेत, पुढं काय बघायसारखं न्हाई."