गणपती आत, घराला कुलूप

सुलूला त्या घरात मी थांबवलं.

वर्ष झालं. आज गणपतीचा चौथा दिवस. इतके दिवस विचारणाऱ्याला "दरड आली, त्यात गेली" एवढंच सांगत आले.

सुलू आणि मी कॉन्व्हेंटमध्ये एका बाकावर. जॉग्रफीच्या सिस्टरनी टेक्टॉनिक प्लेट्स शिकवल्या, त्या माझ्या डोक्यावरून गेल्या.

त्या संध्याकाळी सुलूने आमच्या घरी, गार झालेल्या दुधावरची साय बोटाने हलकेच पुढे ढकलली. सायीला सुरकुती पडली.

"हा बघ तुझा हिमालय."

"दुधात बोटं घालू नका गं!" आई ओरडली. पण मला कळलं ते कायमचं.

पुढे ती आगरदांड्याच्या अलीकडच्या एका वाडीत लग्न होऊन गेली आणि तिथल्याच शाळेत भूगोल शिकवू लागली. रिटायर होईपर्यंत दरवर्षी वर्गात दुधाचं पातेलं न्यायची.

"आपली जमीन उत्तरेला सरकते आहे, मुलांनो. नखं वाढतात साधारण तेवढ्या वेगाने."

असं म्हणाली की सगळा वर्ग आपापली नखं बघत बसायचा.

तिचं घर डोंगराच्या पायथ्याशी. वर उतारावर आंब्याची कलमं. यजमान गेल्यावरही ती त्याच घरात थोरल्या दिरांबरोबर, म्हणजे भाऊंबरोबर, राहिली.

गेल्या श्रावणात कलमांच्या वर जमिनीला भेग पडली.

भाऊंनी गडी लावून ती मातीने बुजवली, वरून चोपून सारखी केली. गणपतीला मुंबईहून मुलं-नातवंडं येणार, कुणाचा पाय अडकायला नको.

सुलूने भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकल्या. रोज सकाळी छत्री घेऊन वर जायची, अंतर मोजायची.

गणपतीच्या तिसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. मी इथे किहीमला, मोदकांचं सारण ढवळत होते.

"वशे, काल चार बोटं वाढलं होतं. आज वीतभर."

"भूकंप झाला का गं?"

"माझ्याच बाकावरची ना तू? अगं, जमीन फाटली, लाव्हा वर आला, थरावर थर बसले, तेव्हा कुठे हा डोंगर झाला. लाखो वर्षं लागली. पाडायला भूकंप कशाला हवा? खाली कातळ, वर माती, मधे पाणी. चार दिवसांचा पाऊस पुरतो."

"मग निघा ना सगळे!"

"भाऊ ऐकत नाहीत. तुझं ऐकतील. बोल तू."

भाऊ फोनवर आले. शांत माणूस. आवाज कधी चढत नाही.

"वसुताई, गणपती बसलेत आणि मी घराला कुलूप घालू? देवाला एकटं टाकून जायचं? आमच्याकडे असं कधी झालं नाही. परवा विसर्जन झालं की लगेच निघतो."

आणि मी तोडगा काढला.

"भाऊ, घर रिकामं नको, एवढंच ना? मग एक जण थांबा. बाकीचे खाली शाळेत जा."

ते मग म्हणाले, "हे चालेल. मी थांबतो."

खरं सांगते, मला तेव्हा माझंच कौतुक वाटलं होतं.

सुलूने फोन परत घेतला. "भाऊंची अँजिओप्लास्टी झालीये. पळता येणार आहे का यांना? मी थांबते. मला आवाज कळेल."

"कसला आवाज?"

"वरची झाडं मोडल्याचा. आधी तो येतो."

मग हसली. "देव न मानणारी बाई गणपतीच्या राखणीला! सिस्टर असत्या तर?"

मी "काळजी घे" म्हणाले.

"तूही निघ" म्हणाले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी, नैवेद्य झाल्यावर, डोंगर खाली आला. भाऊंनी शाळेच्या पायरीवरून पाहिला.

शाळेत घरची नऊ माणसं होती. दहावी घरात.

ती सापडली अंगणात. दारापासून दहाएक पावलांवर.

म्हणजे आवाज तिला कळला होता. धावलीही होती.

तिच्या नखांत लाल माती होती. मी ओल्या रुमालाने पुसली. सगळी निघाली नाही.

तेराव्याला आलेले गुरुजी सहज बोलून गेले, "अहो, संकटात उत्तरपूजा आधीही करता येते. मूर्ती घेऊन निघायचं. दोष नसतो."

भाऊ ताटावरून उठले आणि मागच्या पडवीत जाऊन उभे राहिले.

इतकं सोपं होतं. त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत नव्हतं. आम्ही कुणाला विचारलंही नाही.

वर्षभर भाऊ आणि मी एकमेकांशी बोललो नाही. काय बोलणार?

आज सकाळी त्यांचा फोन आला.

यंदा ते रस्त्याच्या खालच्या अंगाला भाड्याच्या घरात आहेत. गणपती तिथेच बसवलाय. पाऊस परवापासून धरून आहे.

"वसुताई, मागच्या ओहोळाला एकदम लाल पाणी आलं. सुलभा सांगायची ना, असं पाणी दिसलं की थांबायचं नाही."

"मग? कुठे आहात तुम्ही?"

"शाळेत."

"घरी कोण थांबलंय?"

मागे पावसाचा आणि मुलांचा आवाज येत होता.

"कुणी नाही. गुरुजींना बोलावत बसलो नाही, उत्तरपूजाही नाही. समई तेवत ठेवली, हात जोडले आणि बाहेरून कुलूप घातलं. चावी माझ्या खिशात आहे."

मी गॅस बंद केला.

"दोनदा मोजले, वसुताई. नऊच्या नऊ आहेत."

सुलू, कुलूप घातलं गं त्यांनी.

एक वर्ष उशिरा.

आता तिथे कुणी राखणीला बसलेलं नाही. तूही ऊठ बाई तिथून.

तुला शेवटचा नमस्कार.

तुझी वशी