फळ्याकडे पाठ करून शिकलेलं गणित

एका मजल्यावर समोरासमोर दोनच दारं असली की किस्से बाहेर तरी कुठे जाणार? आमच्याकडेच साठतात! सॉल्ट लेकमधल्या आमच्या मजल्यावर एक दार माझं, दुसरं केळकरबाईंचं. त्यांचे मिस्टर केंद्र सरकारच्या नोकरीत, बदली होऊन बंगालमध्ये आलेले. बाई एका संस्थेच्या सातवीच्या मुलांना घरून ऑनलाइन गणित शिकवतात, तेही फुकट. मी दुपारी विरजण मागायला जाते आणि क्लास सुटेपर्यंत बसते. माझ्या घरी विरजण भरपूर आहे, हे त्यांनाही ठाऊक आहे!

क्लास चालतो हिंदी-बंगालीच्या खिचडीत. मी आपली मराठीत सांगते.

*

बाईंचा नियम कडक. "कॅमेरा बंद, तर गैरहजर!"

हावड्याचा बापी काकांच्या मिठाईच्या दुकानात बसायचा, कारण वायफाय तिथेच. एकदा बाईंनी विचारलं, "बारांतले तीन-चतुर्थांश वाटले, तर उरले किती?"

"तीन!" खणखणीत आवाज आला.

"व्हेरी गुड! कोण बोललं?"

"मॅडम, मी गिऱ्हाईक, संदेश मिठाई घ्यायला आलोय!"

*

बजबज गावच्या झुम्पाचा कॅमेरा चालू असायचा, पण त्यात रोज फक्त छताचा पंखा.

"शालूताई, या मुलीच्या जागी पंखाच सातवी पास होणार!" बाई माझ्याकडे वळून वैतागल्या.

"पंखा निदान हलतो तरी. बाकीची पोरं बघा!"

त्याच दिवशी बाई फळ्यावर बोट ठेवून सांगत होत्या, "हे इकडे येईल, ते खाली जाईल आणि हे कट."

पंख्यातून आवाज आला, "मिस, हे म्हणजे कुठलं? मला दिसत नाही."

"मग फोन जवळ घे ना."

"जवळूनही नाही, मिस. जन्मापासून."

संस्थेच्या फॉर्मवर नाव, इयत्ता, फोनचं मॉडेल, सगळं विचारलं होतं. हे कुणी विचारलंच नव्हतं.

*

मग चौकशी कोण करणार? मीच! झुम्पाच्या आईला फोन लावला. कळलं ते असं : परीक्षेत झुम्पा तोंडाने सांगते आणि खालच्या वर्गातली एक मुलगी तिच्यासाठी लिहिते. शाळेचं म्हणणं, यंदा गणितात जमलं नाही तर ते सोड आणि त्या तासाला गाण्याच्या वर्गात बस.

झुम्पाने आईच्या हातून फोन घेतला. (बंगालीत मावशीला 'माशी' म्हणतात!) "माशी, तुम्ही माझा आवाज ऐकताय ना? मग सांगा, मी गाऊ का?"

खरं सांगायचं तर, नको!

*

दुसऱ्या दिवसापासून बाईंनी मला फळ्याकडे पाठ करून बसवलं. मी दहावीत दोनदा गणितात उडालेली! बाई बोलणार, मी न बघता लिहिणार. बाईंच्या तोंडून "हे" किंवा "ते" निघालं की मला एक संदेश.

पहिल्याच दिवशी सात संदेश!

"बाई, मुद्दाम चुकताय का?"

"गप्प बसा, लिहा. वर तीन, मध्ये आडवी रेघ, रेघेखाली चार."

आठवड्याभरात संदेश बंद पडले आणि अपूर्णांक सुरू झाले. माझे, या वयात!

*

याची झळ केळकरसाहेबांनाही बसली. जेवताना म्हणाले, "अगं, ते जरा दे."

"ते म्हणजे काय? कुठे आहे? नीट सांगा!"

साहेबांनी घास खाली ठेवला. "मिठाची बरणी. तुझ्या डाव्या हाताला. निम्मी भरलेली, झाकण लाल. उत्तर पडताळून दाखवू?"

*

एका दुपारी वादळ झालं. सगळ्यांचं चित्र गेलं, आवाज तेवढा राहिला. फळा दिसेना म्हणून पोरांनी गलका केला. बाई म्हणाल्या, "झुम्पा, तू सांग यांना." झुम्पाने अख्खं गणित तोंडी उलगडून सांगितलं, पायरी-पायरीने.

शेवटी बापी म्हणाला, "मिस, उद्यापण चित्र बंदच ठेवूया?"

कॅमेऱ्याचा नियम त्या दिवशी गेला.

*

परीक्षेच्या दिवशी बाई सकाळपासून येरझाऱ्या घालत होत्या, त्यांच्यामागे मी. तीन वाजता झुम्पाचा फोन आला. मी आधी स्पीकर लावला.

"मिस, सगळी गणितं झाली. दोनदा तपासली. पण एक घोटाळा झाला."

बाई खुर्चीत बसल्या. "काय केलंस?"

"माझा पेपर लिहिणारी मुलगी सहावीतली. शेवटचं गणित झालं तशी म्हणाली, 'दीदी, थांब! अपूर्णांक मला आज पहिल्यांदा कळले. परत सांग ना!' मग मी परत सांगितलं. ती इतक्या जोरात 'बापरे, असं असतं होय!' म्हणाली की सर धावत आले. ओरडले, 'तुमच्यापैकी परीक्षा कोणाची आहे?'"

"मग?" बाई आणि मी एकदमच ओरडलो.

"मग काय, मिस, मी हात वर केला. तर सर म्हणाले, 'अरे, दोघींचेही हात वर?'"