एकादशीला वाजलेला कुकर

या सदरातले अनुभव मी बऱ्याच वर्षांपासून वाचतोय आणि खरं सांगायचं तर हसत हसत वाचतोय. बहुतेक ठिकाणी मला कारण दिसतं – झोप कमी झालेली असते, वायरिंग जुनं असतं, नाहीतर मांजर असते. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. आमच्याकडे नियम सोपा आहे : bug पुन्हा करून दाखवता आला नाही, तर तो bug नाही. तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, बंद करा, घरी जा. देव मी मानतो तो आईपुरता. भूत तेवढंही नाही.

तरी हे लिहायला बसलोय, कारण माझ्याकडे एक तिकीट आहे जे आठ महिने झाले तरी बंद होत नाहीये…

आधी भाषेचं. आम्ही इंदूरचे मराठी. खापरपणजोबा होळकरांच्या फौजेत आले आणि इथेच राहिले, त्यामुळे माझ्या मराठीत हिंदी घुसणारच. बायको अस्मिता साताऱ्याची आहे, इथल्या कॉलेजात शिकवते. ती माझं मराठी ऐकून रोज हसते. तुम्हीही हसून घ्या.

रामबागेत पहिल्या मजल्यावर आमचं घर. तीन खोल्या, माणसंही तीन – आई, अस्मिता आणि मी. आई एकाहत्तर वर्षांची. मधल्या खोलीत माझं टेबल. टेबलाच्या डाव्या हाताला स्वयंपाकघराचं दार, उजवीकडे खिडकी, आणि खिडकीसमोर गल्लीपलीकडे वर्मा आंटींचं घर. गल्ली इतकी अरुंद की आंटींच्या पोह्यांना फोडणी बसली की ठसका आम्हाला लागतो.

आठवड्यातले तीन दिवस मी घरून काम करतो, दोन दिवस विजय नगरच्या ऑफिसात जातो. आणि सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेसहा कानावर हेडफोन. मोठे, कान पूर्ण झाकणारे, noise cancelling वाले. घेतले तेव्हा मी इतका खूश होतो की काय सांगू! लग्नाची वरात, भाजीवाल्याचा लाउडस्पीकर, कचरा गाडीचं गाणं – एक बटण दाबलं की सगळं गायब. मीटिंग नसली तरी मी ते घालून बसायचो.

त्यात एकच भानगड होती. कुकर.

आईचा क्रम ठरलेला. अकरा वाजता वरण-भाताचा कुकर गॅसवर चढवायचा आणि देवापुढे बसायचं. एकदा बसली की पूजा होईपर्यंत उठत नाही. म्हणून शिट्ट्या मोजायचं काम माझं. "तीन झाल्या की बंद कर हं." घरात आईने मला दिलेलं काम एवढं एकच. आणि ते एकही माझ्याकडून धड झालं नाही. कानात काही येईल तर मोजणार ना! कधी पाच व्हायच्या, कधी आठ. वर्मा आंटी खिडकीतून ओरडायच्या, "भाभीजी, कुकर!" मग आई पूजा अर्धवट टाकून धावायची. एकदा तर वरण करपून कुकरचा बुडाचा डबा फेकावाच लागला.

"अरे, अख्ख्या गल्लीने ऐकली शिट्टी," आई म्हणाली, "तुलाच कशी नाही आली भई?"

"आई, मी काम करतो, टाइमपास नाही करत."

हे मी म्हटलं होतं. त्या वेळी मला ते बरोबरही वाटलं होतं.

हळूहळू आईने आपली पद्धत बदलली. पूर्वी ती आतून हाक मारायची, "मंदाऽर!" मग टेबलापाशी येऊन हात हलवायला लागली. एकदा तिने मागून खांद्याला हात लावला, मी केवढ्याने तरी दचकलो आणि ओरडलो, "आई, call चालू आहे ना!" त्यानंतर व्हॉट्सॲप सुरू झालं. शेजारच्या खोलीतून मेसेज यायचा – जेवायला ये. मग तेही थांबलं. ताट टेबलावर आणून ठेवायची आणि जायची. मला हे एकदम सोयीचं वाटलं. घरातली system शेवटी सेट झाली, असं मी ऑफिसात कौतुकाने सांगितलेलं आठवतंय.

आता तो दिवस.

गुरुवार होता, म्हणजे माझा ऑफिसचा दिवस. त्या दिवशी एकादशीही होती. आमच्याकडे एकादशीला भात शिजत नाही. आई उपास करते, अस्मिता डबा घेऊन जाते, मी बाहेर खातो. म्हणजे कुकरचा काही संबंधच नाही. हे मला त्या वेळी लक्षात नव्हतं. तिथी-बिथी मला कुठली लक्षात असायला!

अकरा वाजून गेले होते. बंगळूरच्या टीमबरोबर मीटिंग चालू होती, दहा-बारा लोक एका release वरून भांडत होते. मी हेडफोन घालून आपला ऐकत बसलो होतो. आणि शिट्टी वाजली.

कुकरची शिट्टी. पूर्ण. आधी ती सूं सूं होते, मग झाकण थरथरतं, मग लांब शिट्टी, मग दबत जाते… तशी. मला वाटलं, कोणीतरी घरून जॉइन झालंय, त्याच्या माइकमधून येतेय. दुसरी वाजली. तेव्हा लक्षात आलं की बोलणाऱ्यांचे आवाज कानात मधोमध येतायत आणि शिट्टी येतेय फक्त डावीकडून. ऑफिसात माझ्या डाव्या हाताला काचेची भिंत आहे, तिच्यापलीकडे काही नाही, थेट खाली रस्ता.

तिसरी वाजली आणि मी उठलो. मतलब, खरोखर खुर्चीतून उठलो, गॅस बंद करायला! दोन पावलं गेलो आणि समोर काच.

हेडफोन काढले. काही नाही, AC ची घरघर. पुन्हा घातले. चौथी.

शेजारी सौरभ बसतो. त्याच्या कानावर हेडफोन ठेवले आणि म्हटलं, "सुन तो, पीछे सीटी आ रही है क्या?"

त्याने मिनिटभर ऐकलं. "कुछ नहीं है भिया. लड़ रहे हैं सब, बस."

मी परत घातले. पाचवी.

घाबरलो-बिबरलो नव्हतो. वैताग आला होता. आईला फोन लावला, ती उचलेना. पूजेत असेल, म्हटलं. पुन्हा लावला. मग अस्मिताला लावला, तर ती वर्गात, फोन बंद. शेवटी वर्मा आंटी. त्यांना विचारलं, आमचा कुकर वाजतोय का हो?

"कुकर? अरे आज तो ग्यारस है बेटा," त्या हसल्या. "आज तुम्हारे यहाँ कुकर कहाँ! मैं तो खिड़की में ही बैठी हूँ, एक सीटी नहीं आई."

इथे तिकीट बंद व्हायला पाहिजे होतं. खिडकीत बसलेली साक्षीदार, सौरभने तपासलेला हेडफोन, आणि एकादशी. मी "अच्छा, रहने दो" म्हणणारच होतो. अगदी तोंडात आलं होतं. आणि का कोणास ठाऊक, म्हणालो, "आंटी, एक बार देख लो ना जाके."

आमची एक चावी त्यांच्याकडे असते. फोन चालू ठेवूनच त्या निघाल्या. त्यांच्या चपला ऐकल्या, जिना, कुलूप. "भाभीजी? ओ भाभीजी?" मग नळाचा आवाज आला, धो धो. मग आंटी मोठ्याने ओरडल्या, "हे भगवान! मंदार, जल्दी आ!"

आई बाथरूममध्ये पडली होती.

आणि मी पहिलं काय विचारलं असेल? "गैस बंद किया?"

"गैस बंद ही है!" आंटी रडकुंडीला आल्या होत्या. "कुकर तो यहाँ धुला हुआ उल्टा रखा है. तू आ पहले!"

पुढचं थोडक्यात सांगतो. खुब्याचं हाड मोडलं होतं, ते तितकं गंभीर नव्हतं. गंभीर होतं डोक्याचं. आईला हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी चालू आहे आणि डोक्याला मार लागून आत रक्त साचायला लागलं होतं. आंटींनी गल्लीतल्यांना घेऊन तिला हॉस्पिटलला नेलं; मी तिथे पोचलो तोपर्यंत तिची शुद्ध गेली होती. ऑपरेशन झालं. डॉक्टर नंतर म्हणाले, अजून तास-दीड तास गेला असता तर मी तुमच्याशी वेगळं बोलत असतो. अस्मिता त्या दिवशी साडेतीनला घरी येणार होती, मी सातला. हिशेब तुम्हीच करा.

आई वाचली. हे आधीच सांगायला हवं होतं बहुतेक. आता walker घेऊन चालते.

ती ICU मधून बाहेर आल्यावर मी माझं काम सुरू केलं. मला दुसरं येतं काय! लॅपटॉपचा log काढला – हेडफोन सकाळपासून फक्त लॅपटॉपलाच जोडलेले, मध्ये दुसरं काही उपकरण नाही. आईचा फोन पाहिला, त्यावरून कुणालाही call गेला नव्हता. त्याच खुर्चीत, त्याच वेळी, तेच हेडफोन घालून चार गुरुवार बसलो. एक शिट्टी नाही. सौरभ म्हणाला, "भिया, छोड़ो अब." मी सोडलं नाही.

मीटिंगचं recording होतं. ते मी तीनदा ऐकलं, एकदा आवाज अर्ध्या वेगाने लावून. कुकर नाही. पण दुसरं एक आहे. लोक भांडतायत आणि मध्येच माझा आवाज येतो – "एक." थोड्या वेळाने, "दोन." माझा माइक चालू राहिला होता. "तीन" नंतर मॅनेजर विचारतो, मंदार, तू काही बोललास का? आणि मी अगदी शांतपणे म्हणतो, नाही, सॉरी, चालू द्या. मग चार. मग पाच. मी मोजल्याचं मला आठवत नाही. मॅनेजरला उत्तर दिल्याचंही आठवत नाही. पण आवाज माझाच आहे, त्यात शंका नाही.

अस्मिता म्हणते, डोक्यात राहून गेलेला अपराध होता तो. इतक्या शिट्ट्या चुकवल्या, कधीतरी मेंदू स्वतःच वाजवणार. ठीक आहे, मानलं. पण मग त्याच दिवशी का? त्याच वेळी का?

बाकी सगळ्यांना मात्र उत्तर सापडलंय. वर्मा आंटींनी गल्लीभर सांगितलं, माँ की पुकार थी. नातेवाइकांमध्येही तेच फिरलं. पडल्या पडल्या आईने लेकाला हाक मारली आणि ती त्याच्यापर्यंत पोचली. देवासची मावशी तर हॉस्पिटलमध्ये माझा हात धरून रडली. खोटं कशाला बोलू, मलाही ते पटायला लागलं होतं. पटलं असतं तर फार बरं वाटलं असतं.

म्हणून एका दुपारी, वॉर्डात मी आणि आई दोघंच असताना, मी विचारलंच. ती मोसंबी खात होती.

"आई, पडल्यावर तू शुद्धीत होतीस?"

"होते ना. चांगली होते बराच वेळ. नळ चालू राहिला, पाणी वाया चाललंय, तेच मनात."

"मग मला हाक मारलीस का? मनातल्या मनात तरी?"

"नाही रे."

"आठव ना नीट."

"आठवायचं काय त्यात? नाही मारली." तिने एक बी काढून बशीत ठेवली. "वर्मा-वहिनींना मारणार होते. मग म्हटलं, त्यांचाही उपास, खालीपिली धावत येतील. उठू आपण थोड्या वेळाने."

"मी ऑफिसात होतो म्हणून नाही मारलीस?"

"तसं नाही. तू घरी असलास तरी मी आता नाही मारत." ती हे रागाने म्हणाली नाही, टोमणा नव्हता. हवा-पाण्याचं सांगावं तसं सांगितलं. "तुझं काम असतं. सवयच गेली बघ. ही घे, गोड आहे."

मी ती फोड खाल्ली. मला इतकी लाज वाटली की मी तिच्याकडे पाहू शकलो नाही. लोक विचारतात त्या दिवशी भीती वाटली का. नाही वाटली. या दुपारी वाटली.

तर असं आहे. गॅसवर न चढवलेल्या कुकरची शिट्टी मला का ऐकू आली, ती डावीकडूनच का आली, मी कुणाच्या सांगण्यावरून मोजत होतो – मला माहीत नाही. वाचणाऱ्यांपैकी कुणाला काही सुचलं तर जरूर लिहा, मी तपासून पाहीन. पण "आईची हाक" एवढं लिहू नका. ते मी तपासलंय.

मी आता पूर्ण आठवडा घरूनच काम करतो. मीटिंग असली की लॅपटॉपचा स्पीकर बारीक लावतो, सौरभ म्हणतो मागून सगळी रामबाग ऐकू येते. येऊ दे. आईला मी स्वच्छ सांगितलंय – काही लागलं, नाही लागलं, हाक मार. ती "हो हो, मारीन" म्हणते. मग walker ची टकटक होते, ती स्वतः उठते, पाण्याचा तांब्या स्वतः घेते आणि माझ्या मागून हळूच जाते. आठ महिने झाले. अजून एकदाही मारलेली नाही.