जानेवारीत देवाला फूल

डॉक्टरांनी मला बोलावलं तोवर लंडनजवळच्या वॉटफर्डच्या आसपास मी बऱ्यापैकी बागा केल्या होत्या. गिऱ्हाइकं बहुतेक आपलीच, आणि मागणीही एकच: सगळीकडे फरशी घाला, झाडू मारला की काम संपलं. पान गळलं की त्यांना कचरा दिसायचा. मी भांडभांड भांडून दोन वाफे पदरात पाडून घ्यायची. पुण्यात मी आर्किटेक्ट होते. नवऱ्याच्या कंपनीने त्याला इकडे पाठवलं, त्याच्या व्हिसावर मी आले, इथल्या कॉलेजात गार्डन डिझाइनचा डिप्लोमा केला आणि लोकांच्या मागच्या अंगणात चिखल तुडवायला लागले. स्वभाव मुळातला उतावळा. आज लावलेलं झाड उद्या वाढलेलं दिसावं असं वाटणाऱ्या बाईने हाच धंदा का निवडला, असं नवरा विचारायचा. मला तरी कुठे ठाऊक होतं?

डॉक्टर नागपूरचे, इथल्या एका हॉस्पिटलात सर्जन. वडील गेल्यावर त्यांनी आईला कायमचं इकडे आणलं होतं. आजी रोज सकाळी आंघोळ करून निघायच्या. नऊवारीवर स्वेटर, त्यावर डॉक्टरांचा जुना कोट, पायात लेकाने आणलेले बूट आणि हातात परडी. रस्त्यालगतच्या घरांच्या फ्रंट गार्डनमधून त्या देवासाठी फुलं तोडून आणायच्या. नागपुरात जन्मभर हेच केलेलं. तिकडे कुणाच्या कुंपणावरची चार फुलं देवाला नेली तर कोणी ब्र काढत नाही. फार तर खिडकीतून आवाज येतो, कळ्या तेवढ्या ठेवा हो काकू.

इथे मात्र एका सकाळी दोन घरं पलीकडची म्हातारी इंग्लिश बाई दारात येऊन उभी राहिली. तिने ‘तुमची आई’ आणि ‘माझे गुलाब’ एवढे शब्द उच्चारले मात्र, डॉक्टरांनी सॉरीचा सपाटा लावला. पुन्हा असं होणार नाही म्हणाले, घरातला चॉकलेटचा डबा तिच्या हातात कोंबला आणि दार लावून घेतलं. मग आत येऊन आईला म्हणाले, त्या बाई तक्रार घेऊन आल्या होत्या, इथे याला चोरी म्हणतात, आता परडी घेऊन बाहेर पडायचं नाही. आजींनी वाद घातला नाही. देवाला फूल नसेल तर मला मार्चमध्ये नागपूरला नेऊन सोड, एवढंच म्हणाल्या आणि तिकीट काढेपर्यंत जेवायला बसल्या नाहीत.

हे सगळं डॉक्टरांनीच मला सांगितलं, तेही उभ्याउभ्या. नागपूरच्या घरात आजी आधी एकदा बाथरूममध्ये पडल्या होत्या आणि कामवाली येईपर्यंत तशाच पडून होत्या.

“मला बाकी काही नको,” ते म्हणाले. “वर्षभर, रोज, देवाला वाहता येईल असं एक तरी फूल या बागेत पाहिजे. आई परत गेली तर तिकडे एकटी मरेल हो.”

मी हो म्हणून बसले आणि घरी येऊन डोकं धरलं. एप्रिल ते ऑक्टोबर काही प्रश्न नव्हता. प्रश्न होता जानेवारीचा. इंग्लंडच्या जानेवारीत माणसं फुलत नाहीत तिथे झाडं काय फुलणार! तो जानेवारी माझ्या डोक्यात शिरला तो निघेना. भाजी चिरताना जानेवारी, गाडी चालवताना जानेवारी. बस स्टॉपवर उभी असले तरी मी लोकांच्या भिंतींवरून डोकावायची. एका नर्सरीतून दुसऱ्या नर्सरीत, तिथून मेडनहेडच्या पुढे तिसऱ्या. नवरा म्हणाला, अगं, एवढी तर तू आपलं घर शोधतानाही फिरली नव्हतीस.

त्यात आजींच्या अटी. खाली पडलेलं फूल चालणार नाही. कोणी हुंगलेलं चालणार नाही. किडीने खाल्लेलं तर नाहीच. मी मोठ्या उत्साहाने हेलेबोरची कुंडी नेली. भर थंडीत फुलतं, पांढरं शुभ्र. आजींनी ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाल्या, हे तोंड खाली घालून बसलेलं फूल, देवासमोर रुसल्यावाणी दिसेल ना बापा. मला राग आला आणि हसूही आलं. झाड विषारी असतं हे नंतर आठवलं आणि मी ती कुंडी मुकाट्याने माझ्या घरी नेली.

शेवटी जमवलं. मागच्या दारालगत, वारा लागणार नाही अशा कोपऱ्यात, थंडीत फुलणारा गुलाबी कॅमेलिया लावला. चांगला मोठा, फुलांवर आलेला. भिंतीवर पिवळी विंटर जॅस्मिन चढवली. दारापासून दगडी वाट अशी आखली की आजींना एकही पायरी उतरावी लागू नये आणि पाय घसरू नये. थंडी कडक व्हायच्या आत काम संपलं, आणि जानेवारीत खरोखरच कॅमेलिया फुलला. डॉक्टरांनी हॉस्पिटलमधून फोन केला. देव्हारा भरलाय म्हणाले. मी स्वयंपाकघरात एकटीच नाचले.

पण आजींनी तिकीट रद्द करू दिलं नाही.

हे मला सोसेना. काम संपलेल्या बागेत डिझायनरने पुन्हापुन्हा जायचं नसतं, पण मी जायची. कधी छाटणीचं निमित्त, कधी खताचं. दर वेळी तेच दिसायचं. आजी सपाता घालूनच बाहेर यायच्या, चार फुलं तोडायच्या, आत जायच्या. मग उरलेला दिवस खिडकीपाशी. बूट दाराशी एका कोपऱ्यात धूळ खात पडलेले. सून कामावर, नातवंडं शाळेत. बाग आवडली का, विचारलं तर छान केली हो, म्हणायच्या. ते ‘छान’ मला टोचायचं. वाटायचं, काहीतरी राहिलंय. वास राहिला असेल! थंडीत घमघमणारं एक झुडूप मिळतं, ते शोधून आणलं आणि एका सकाळी पुढच्या भिंतीलगत खड्डा खणायला घेतला.

तेवढ्यात ती दोन घरं पलीकडची बाई काठी टेकत आली आणि माझ्याजवळ थांबली. घरातल्या आजी आजारी आहेत का, तिने विचारलं. मी जरा तुसडेपणानेच म्हणाले, नाही, ठणठणीत आहेत, तुमच्या गुलाबांना आता काही धोका नाही.

तिला ते कळलंच नाही. ती सांगत राहिली आणि माझ्या हातातलं फावडं तसंच राहिलं. आजी रोज सकाळी तिच्याकडे यायच्या. चांगली उमललेली फुलं ती स्वतःच कापून द्यायची. मग दोघी तिच्या किचनमध्ये चहा घ्यायच्या. एक इंग्रजीत बोलायची, एक मराठीत, आणि कुणाचं काही अडायचं नाही. तिचा नवराही आजींच्या नवऱ्याच्याच सुमारास गेला होता. आजींनी भिंतीवरचा त्याचा फोटो पाहून हात जोडले होते. त्या दिवशी ती दारात आली होती ते एवढंच सांगायला, की माझा गुडघा दुखावलाय, दार उघडायला उशीर होतो, तर तुमच्या आईला म्हणावं गुलाब घ्या आणि मागच्या दाराने सरळ आत या. पण मुलगा फारच घाईत दिसला, ती म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. डॉक्टरांचा राग आला. माणसाने समोरच्याचं एक वाक्य तरी पुरतं ऐकावं की नाही? लोक काय म्हणतील या भीतीने आपण सॉरी म्हणायला इतके टपलेले असतो की लोक काय म्हणतायत ते ऐकतच नाही. मी चिखलाच्या बुटांनिशी तशीच आत गेले आणि आजींना सगळं सांगून टाकलं.

आजींनी खिडकीबाहेरची नजर काढून माझ्याकडे वळवली.

“म्हणजे तिनं माझी तक्रार नव्हती केली?”

“नाही हो आजी. ती तुमची वाट बघत होती.”

“मला वाटलं, चहा पाजून माझ्या लेकाजवळ मला चोर म्हणाली.” त्यांनी पदराने डोळे पुसले. “मंग कशाला राहायचं इथं, सांग ना तू.”

इतके महिने मी झाडं बदलत बसले होते, आणि आजींना परत का जायचंय हे मी एकदाही विचारलं नव्हतं. आजी उठल्या. कोट चढवला. बूट घालताना वाकवेना, म्हणून मी खाली बसून लेस बांधल्या. परडी घेऊन त्या मागच्या दाराने कॅमेलियापाशी गेल्या आणि तोडायला लागल्या. रोज चार तोडणारी बाई, पण आज थांबायचं नाव नाही. एकेक करत सगळं झुडूप ओकंबोकं केलं. कळ्या तेवढ्या ठेवल्या.

“देवाला एवढी लागतात?” मी शेवटी विचारलंच.

“देवाला रोजच वाहते. आज ही तिला.” परडी त्यांनी कोटाच्या बाहीने झाकली, वारा लागू नये म्हणून. “तिचे गुलाब तर या दिवसांत नुसत्या काड्या असतील. दाराशी कोणी रिकाम्या हाताने जातं का?”

फाटकापर्यंत मी बरोबर गेले. पुढे येऊ का, विचारलं तर नको म्हणाल्या, रस्ता ठाऊक आहे. दोन पावलं गेल्या आणि वळल्या.

“आणि ते तिकिटाचं त्याला तूच सांगून दे. मी त्याच्याशी अजून बोलत नाही.”